व्हेला एक्स-१ : लॅक्सपीसीच्या डेटात २८३ ऐवजी १४१ सेकंद, आणि ३० केईव्हीपाशी खळगा

शततारका

व्हेला एक्स-१ या उच्च-वस्तुमान क्ष-किरण जोडताऱ्याचा (न्यूट्रॉन तारा आणि त्याचा अवाढव्य सोबती) अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाचा सार्वजनिक डेटा आयएसएसडीसीच्या (इस्रोच्या डेटा केंद्राच्या) आर्काइव्हवरून उतरवला आहे. निरीक्षण साधारण एका दिवसाचं, म्हणजे उपग्रहाच्या १४ फेऱ्या. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी फक्त लॅक्सपीसी-२० (कठोर क्ष-किरणांच्या तीन डिटेक्टरांपैकी एक) आणि एसएक्सटी (मृदू क्ष-किरणांची दुर्बीण) वापरायचं ठरवलंय. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं. लेव्हल-१ मधून इव्हेंट फाइल बनवली, स्टँडर्ड जीटीआय (वापरण्याजोग्या वेळांची यादी) लावला, ३ ते ३० केईव्हीचा (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) १ सेकंदाचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख) काढला आणि पॉवस्पेकमध्ये (कोणत्या वारंवारितेला किती शक्ती ते दाखवणारा प्रोग्राम) टाकला. ०.००७०६ हर्ट्झला ठसठशीत शिखर येतंय, म्हणजे १४१.६ सेकंद. सगळीकडे तर आवर्तकाल २८३ सेकंद दिलाय. ०.००३५ हर्ट्झला उंचवटा आहे, पण तो आजूबाजूच्या गोंगाटातून फारसा वर येत नाही. ईएफसर्च (वेगवेगळ्या काळांनी डेटा दुमडून, म्हणजे स्पंदनं एकावर एक रचून, खरा काळ शोधणारा प्रोग्राम) १४१.६ भोवती चालवलं तर मुख्य शिखर भक्कम येतं, पण १३८ आणि १४५ च्या आसपास दोन धाकटी शिखरंही दिसतात. बॅरिसेंटर दुरुस्ती (पृथ्वीच्या गतीचा परिणाम काढणं) केलेली आहे. जोडताऱ्याच्या कक्षेची दुरुस्ती केलेली नाही. ८.९६ दिवसांच्या कक्षेत एका दिवसाने असा किती फरक पडणार, असा हिशेब होता.

दुसरं. नवव्या फेरीत सुमारे ३५ मिनिटं काउंट रेट दहाव्या हिश्श्यावर येतो आणि स्पंदनं डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या फेरीत सगळं पूर्ववत. हे ग्रहण म्हणायचं का?

तिसरं. एसएक्सटी ०.७ ते ७ आणि लॅक्सपीसी ३ ते ६० केईव्ही एकत्र फिट केले. मॉडेल साधं आहे: टीबीअ‍ॅब्स (वाटेतलं शोषण), पॉवर लॉ, हायइकट (वरच्या ऊर्जेचा कटऑफ) आणि लोहाच्या रेषेसाठी एक गॉसियन. रिड्यूस्ड काय-स्क्वेअर २.४ (हवा १ च्या जवळ). अवशेषांत ३० ते ३५ केईव्हीमध्ये खळगा दिसतो. तिथे गॅब्स (शोषणरेषेचा घटक) बसवलं की रेषा ३२ केईव्हीला जाते आणि काय-स्क्वेअर १.३ वर उतरतो. ही सायक्लोट्रॉन रेषा (न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पडणारी) धरावी का? छापील आकडे २५ आणि ५५ च्या आसपासचे आहेत, म्हणून शंका.

झेनॉन_५४

आधी १४१ चं बघू. डेटात काही चूक नाही. या न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीत दोन ठळक उंचवटे येतात, साधारण अर्ध्या फेरीच्या अंतराने. १५-२० केईव्हीच्या वर तर पल्स प्रोफाइल (स्पंदनाचा सरासरी आकार) जवळजवळ निव्वळ दोन शिखरांचा असतो. ६ केईव्हीच्या खाली तोच फुटून पाच शिखरांपर्यंत जातो. त्यामुळे फूरिये शक्तीचा मोठा वाटा दुसऱ्या हार्मोनिकात (मूळ वारंवारितेच्या दुपटीला), म्हणजे १४१.६ ला. त्यात भर अशी की ताऱ्याच्या वाऱ्यातून येणारं इंधन कधी गच्च, कधी विरळ असतं, म्हणून कमी वारंवारितेला लाल गोंगाट चढलेला असतो आणि ०.००३५ हर्ट्झ नेमकं त्याच चढावर बसतं. शिवाय पॉवस्पेकला मिळणारा सलग तुकडा फार तर ५०-६० मिनिटांचा. त्यात २८३ सेकंदांची जेमतेम दहा-बारा स्पंदनं मावतात.

खात्री करून घ्यायला तीन गोष्टी करा. ईएफसर्च १४१ भोवती न चालवता २८३ भोवती चालवा, बिनांची संख्या तीच ठेवून. खरा काळ २८३ असेल तर तिथला काय-स्क्वेअर १४१ पेक्षा जास्त यायला हवा, कारण १४१ वर दुमडताना विषम हार्मोनिक पुसले जातात. मग २८३ वर ३२ किंवा ६४ बिनांत दुमडून दोन शिखरं शेजारी ठेवून बघा. उंची आणि आकार वेगळे दिसले की विषय संपला. शेवटी ५६६ वर दुमडा. तिथे तोच नमुना हुबेहूब दोनदा आला पाहिजे.

एसएक्सटीचा प्रोफाइल काढताना बिनांची हाव नको. त्याच्या सीसीडीची एक फ्रेम २.३७७५ सेकंदांची असते. १२८ बिन केले तर बिन २.२ सेकंदांचं, म्हणजे फ्रेमपेक्षा लहान, आणि प्रोफाइलवर खोट्या दातऱ्या येतात. ६४ पुरे.

१३८ आणि १४५ ही उपग्रहाच्या कक्षेची सावली आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो. दर फेरीत पृथ्वी मध्ये येते आणि डेटात त्याच तालावर खिडक्या पडतात. १/१४१.६ मध्ये १/५८८० मिळवा आणि वजा करा: १३८.३ आणि १४५.१ मिळतात. २८३ भोवती शोधाल तेव्हा हीच भुतं २७० आणि २९७ ला दिसतील.

आता कक्षेची दुरुस्ती. "एका दिवसाने किती फरक पडणार" हा हिशेब कागदावर मांडला की चित्र बदलतं. प्रक्षेपित अर्ध-दीर्घ अक्ष ११३.८९ प्रकाश-सेकंद, काळ ८.९६४४ दिवस, विकेंद्रता ०.०८९८. वेग सुमारे २७७ किमी प्रति सेकंद येतो, म्हणजे २८३ सेकंदांच्या काळात कक्षेत कुठे आहात त्यानुसार अधिक-उणे ०.२६ सेकंद. प्रवेग सर्वाधिक असलेल्या भागात काळ दिवसाला ०.१८ सेकंदाने सरकतो. स्थिर काळाने दुमडलंत तर एका दिवसात सुमारे ०.१ स्पंदनाचा घसरा आणि दोन दिवसांत ०.४ स्पंदनाचा. त्यात बारीक शिखरं फासली जातात. पृथ्वीच्या गतीमुळे या दिशेला जास्तीत जास्त ०.०१७ सेकंदाचा फरक पडतो. म्हणजे जी दुरुस्ती केलीत ती पंधरापट लहान होती, आणि मोठी राहून गेली.

दुरुस्ती करताना दोन खड्डे हमखास लागतात. पहिला संदर्भवेळेचा. काही ठिकाणी टी-९० देतात (सरासरी रेखांश ९० अंश होण्याची वेळ) आणि काही ठिकाणी ग्रहणमध्य. कक्षा थोडी लांबट असल्याने या ताऱ्यासाठी टी-९० हा ग्रहणमध्याच्या सुमारे ०.२२ दिवस आधी येतो, म्हणजे सव्वापाच तास. दोन्ही एकच धरले तर विलंबात (कक्षेमुळे प्रकाशाला लागणाऱ्या जादा वेळेत) १७ सेकंदांपर्यंत चूक होते. दुसरा खड्डा उपताऱ्याच्या रेखांशाचा (कक्षेतला सर्वांत जवळचा बिंदू कुठल्या दिशेला आहे तो कोन). १५२.६ अंश हा न्यूट्रॉन ताऱ्याच्या कक्षेचा आहे. वर्णपटावरून मोजलेल्या सोबती ताऱ्याच्या कक्षेचा आकडा त्याच्याशी १८० अंशांनी वेगळा असणार. उलटा घातलात तर घसरा कमी होण्याऐवजी वाढतो. तेवढ्यावरून चूक लगेच ओळखू येते, हे त्यातल्या त्यात बरं.

केपलरचं समीकरण प्रत्येक इव्हेंटसाठी सोडवत बसू नका. दर १० सेकंदांना विलंब काढून मधले इंटरपोलेट केले तरी चालतं. उत्सर्जनाची वेळ काढायला विलंब एकदा वजा करून, नव्या वेळेने परत काढून पुन्हा मूळ वेळेतून वजा करा. दोन पुनरावृत्त्या पुरतात.

खग्रास

३५ मिनिटांची घट म्हणजे ग्रहण नाही. इथे ग्रहण दीड ते पावणेदोन दिवस चालतं. सोबती तारा एचडी ७७५८१ हा बी०.५ वर्गाचा महाराक्षसी तारा, त्रिज्या सूर्याच्या तिसेक पट, आणि दोघांमधलं अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे ५४ पट. एवढा अवाढव्य गोळा मध्ये आला की अर्ध्या तासात बाजूला होत नाही. ग्रहणात स्पंदनं जातात, पण ६.४ केईव्हीची लोहाची रेषा उरते, कारण ती दूरवर पसरलेल्या वाऱ्यातून येते.

मग उरतात दोन शक्यता: वाऱ्यातला दाट ढग नजरेच्या रेषेत आला, किंवा इंधनच आटलं. यांत फरक करणं सोपं आहे. ३-६ आणि १०-२० केईव्हीचे लाइट कर्व्ह वेगळे काढा. ढग असेल तर खालचा पट्टा कोसळतो आणि वरचा जवळपास तसाच राहतो. स्तंभघनता (नजरेच्या रेषेतलं एकूण द्रव्य) ५ × १०^२३ प्रति चौरस सेंटिमीटर झाली तरी १५ केईव्हीच्या फोटॉनला तिचा फारसा त्रास नाही. दोन्ही पट्टे एकत्र पडले असतील तर ती 'ऑफ-स्टेट'. व्हेला एक्स-१ त्यासाठी प्रसिद्ध आहे. इंटिग्रल दुर्बिणीने दिवसेंदिवस पाहणी केली तेव्हा अशा घटी आणि त्यांच्या जोडीला नेहमीच्या कित्येक पट उसळ्या, दोन्ही दिसल्या.

"स्पंदनं दिसत नाहीत" हे मात्र डोळ्यांवर सोडू नका. सुझाकू उपग्रहाच्या डेटात ऑफ-स्टेटमध्येही स्पंदनं सापडली आहेत. त्या ३५ मिनिटांत सातच स्पंदनं येतात. बाकी दिवसातून ठरवलेला काळ आणि फेज वापरून फक्त तेवढा तुकडा दुमडा, नव्याने काळ शोधू नका. १६ बिन पुरे. आणि पार्श्वभूमी वजा करूनच दुमडा. दहाव्या हिश्श्यावर आल्यावर लॅक्सपीसीच्या पार्श्वभूमीचा वाटा मोठा होतो आणि स्पंदनाचं प्रमाण आहे त्यापेक्षा कमी भासतं.

हे सगळं करण्याआधी घरचा चोर तपासा. घट फेरीच्या सुरुवातीला किंवा शेवटी आहे का? तसं असेल तर पृथ्वीची कड, दक्षिण अटलांटिक विसंगतीची किनार किंवा रोखण्यातली चूक, यांपैकी काहीतरी आहे. लॅक्सपीसीचं दृष्टिक्षेत्र जेमतेम एका अंशाचं आहे आणि कडेकडे संवेदनशीलता उतरत जाते, म्हणून रोख जरा हलला की काउंट पडतात. तेव्हा दोन्ही पट्टे सारखेच पडतात, म्हणजे ऑफ-स्टेटचं हुबेहूब सोंग. उपग्रहाच्या रोखाची नोंद लाइट कर्व्हखाली त्याच वेळ-अक्षावर काढा.

शोषणाबद्दल एक गोष्ट, तिसऱ्या प्रश्नालाही लागू. अख्ख्या दिवसाला एकच स्तंभघनता देणं इथे चालत नाही. न्यूट्रॉन तारा वाऱ्यात खोल बुडालेला आहे. त्याच्या मागे घनदाट शेपटी तयार होते आणि ग्रहणमध्य शून्य धरल्यास कक्षेच्या ०.५ फेजनंतर ती आपल्या नजरेच्या रेषेत येते. ०.२-०.३ ला काही × १०^२२ असलेलं शोषण पुढे काही × १०^२३ होतं. तुमचा दिवस कोणत्या फेजचा, ते आधी लिहा.

शततारका

मनापासून आभार. करून पाहिलं ते असं.

२८३ भोवतीचा काय-स्क्वेअर १४१ पेक्षा जास्त आला. शिखरांची उंची वेगळी आहे, ५६६ वर नमुना दोनदा तोच. कक्षेची दुरुस्ती केल्यावर प्रोफाइलमधल्या दऱ्या खोल झाल्या. रेखांश आधी उलटाच घातला होता, घसरा वाढल्यावर लक्षात आलं.

नवव्या फेरीत ३-६ आणि १०-२० दोन्ही एकत्र पडतात. घट फेरीच्या मधोमध आहे आणि रोख स्थिर आहे. सात स्पंदनं दुमडल्यावर पुसटशी लहर दिसते. निरीक्षण ०.४६ ते ०.५७ फेजचं आहे. म्हणजे नेमकं शेपटी येण्याच्या वेळचं.

३२ केईव्हीच्या खळग्याचं काय करू? आणि हा व्हेला पल्सारच ना? गाइड सरांनी विचारलं आणि गोंधळ झाला.

पूर्वाषाढा

शेवटचं आधी, कारण हा गोंधळ कायमचा आहे. व्हेला पल्सार वेगळा: अतिनवताऱ्याच्या अवशेषातला, सेकंदाला अकरा वेळा फिरणारा, एकटा. त्याच्या भोवतीच्या नेब्युलाला 'व्हेला एक्स' म्हणतात, ते नाव रेडिओवाल्यांनी ठेवलेलं. 'व्हेला एक्स-१' म्हणजे व्हेला तारकासमूहातला पहिला क्ष-किरण स्रोत, १९६७ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणांतून सापडलेला. आकाशात दोघांत सहा-सात अंशांचं अंतर आहे, त्यामुळे लॅक्सपीसीच्या एका अंशात तो शेजारी डोकावत नाही. प्रबंधात एकदा स्पष्ट लिहून टाका, तोंडी परीक्षेत वाचाल.

३२ केईव्हीची रेषा सायक्लोट्रॉन म्हणून अजिबात छापू नका. लॅक्सपीसी म्हणजे सुमारे दोन वातावरण दाबाचा झेनॉन भरलेली १५ सेंटिमीटर खोल पेटी. झेनॉनची के-कड (जिच्यापुढे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ३४.६ केईव्हीला आहे. तिच्या पलीकडच्या ऊर्जेचा फोटॉन शोषला गेला की झेनॉन स्वतः सुमारे ३० केईव्हीचा फोटॉन सोडतो. तो शेजारच्या अ‍ॅनोडमध्ये पकडला गेला तर दोन्ही जोडून मूळ ऊर्जा मिळते. पेटीतून निसटला तर घटना ३० केईव्हीने खाली नोंदली जाते. रिस्पॉन्स फाइलमध्ये (यंत्र कोणत्या ऊर्जेला कसा प्रतिसाद देतं त्याची नोंद) हे सगळं मांडलेलं असतं, पण त्यात एक-दोन टक्क्यांची खोट राहिली की अवशेष नेमके ३० ते ३५ मध्येच फुगतात. या ऊर्जेला विभेदन १० ते १५ टक्के, म्हणजे ३ ते ४.५ केईव्ही. तेवढ्यात ३०, ३२ आणि ३४.६ एकमेकांत मिसळून जातात. तुमची रेषा किती रुंद आली? ३-४ केईव्हीच्या आसपास असेल तर ती यंत्राचीच सही समजा.

उपाय क्रमाने सांगते.

रिस्पॉन्स तुमच्या तारखेचा आहे का ते बघा. वायूची शुद्धता आणि गेन (संकेत किती वाढवला जातो ते प्रमाण) वर्षागणिक सरकले आहेत. लॅक्सपीसी-३० वायुगळतीमुळे ८ मार्च २०१८ ला बंद झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीपासून लॅक्सपीसी-१० कमी गेनवर गेला. म्हणून लॅक्सपीसी-२० घेतलात हे योग्यच. पण २० चाही २०१६ चा रिस्पॉन्स २०१९ च्या डेटाला लावला तर कड जागेवर बसत नाही.

मग क्रॅबशी (तुलनेसाठी प्रमाण मानला जाणारा स्रोत) भागाकार. त्याच डिटेक्टरने जवळच्या तारखेला घेतलेला क्रॅबचा डेटा आर्काइव्हमध्ये मिळतो. क्रॅबचा वर्णपट या पट्ट्यात गुळगुळीत, घातांक २.१ च्या आसपास, त्यात रेषा नाहीत. दोन्हींतून पार्श्वभूमी वजा करून चॅनेलला चॅनेल भागा. रिस्पॉन्समधली खोट दोन्हीकडे सारखी, म्हणून बरीचशी कटते. भागाकारात ३२ चा खळगा विरघळला तर तो झेनॉनचा होता. भागाकारातही टिकला तर पुढचं बोलू.

पार्श्वभूमीसाठी एक सूचना. ३० च्या वर तिचाच जोर असतो, म्हणून तिच्या पातळीत दोन-तीन टक्के कमी-जास्त करून फिट पुन्हा चालवा. रेषेची ऊर्जा एका केईव्हीपेक्षा जास्त हलली तर ती रेषा भरवशाची नाही. ५५ ची हार्मोनिक रेषा लॅक्सपीसीमध्ये शोधण्याचा मोह आवरा. तिथवर येईतो सिग्नल पातळ होतो.

मॉडेलकडे येऊ. हायइकट कटऑफच्या जागी वर्णपटाला कोपरा पाडतो. निसर्गात कोपरा नसतो, म्हणून तिथे खोटी रेषा उगवते. फर्मी-डिरॅक धाटणीचा कटऑफ किंवा एनपेक्स वापरा. शोषण दोन थरांत द्या: वाटेतल्या आंतरतारकीय वायू-धुळीसाठी टीबीअ‍ॅब्स आणि ताऱ्याभोवतीच्या ढगाळ वाऱ्यासाठी पीसीएफअ‍ॅब्स. मूलद्रव्यांच्या विपुलता विल्म्सच्या आणि शोषणाचे काटछेद व्हर्नरचे निवडा. डीफॉल्ट ठेवलेत तर स्तंभघनता इतरांच्या आकड्यांशी जुळणार नाही आणि कारण शोधत बसाल. एसएक्सटीसाठी गेन-फिटमध्ये उतार १ वर गोठवून ऑफसेट मोकळा सोडा. तो ०.०२-०.०४ केईव्हीच्या आसपास यावा. त्याची पार्श्वभूमी त्याच चित्रातून कापू नका, टीमने दिलेली कोऱ्या आकाशाची फाइल घ्या, कारण त्याची प्रतिमा पसरट असते आणि मोठ्या वर्तुळाबाहेरही ताऱ्याचा उजेड सांडलेला असतो. सिस्टिमॅटिक त्रुटी दोन टक्के धरा.

आणि तुमच्या फेजला दिवसाचे निदान चार तुकडे करा. ऑफ-स्टेट पूर्ण वगळा.

झेनॉन_५४

पूर्वाषाढांशी सहमत, पण हायइकट अगदीच टाकून देऊ नका. जुन्या निरीक्षणांशी तुलना करायची तर बरेच आकडे त्याच मॉडेलचे आहेत. कटऑफच्या ऊर्जेला बांधलेला एक उथळ गॅब्स लावून कोपरा गुळगुळीत करता येतो. दोन्ही मॉडेल चालवा. जी रेषा दोन्हींत येते तीच लिहा.

आणि नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा खुला आहे, तो का सोडताय? २०१२ आणि २०१३ ची व्हेला एक्स-१ ची निरीक्षणं आर्काइव्हमध्ये पडून आहेत. डिटेक्टर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा, झेनॉन नाही. १० केईव्हीला विभेदन ०.४ केईव्ही, पट्टा ३ ते ७९. पंचवीसची उथळ मूळ रेषा आणि पंचावन्नजवळची खोल हार्मोनिक, दोन्ही तिथे नीट मोजल्या गेल्या. हार्मोनिकची ऊर्जा तेजाबरोबर वाढते, हेही त्यातच दिसलं. तिथेही कडा आहेतच, कॅडमियमची २६.७ ला आणि टेल्युरियमची ३१.८ ला, पण कॅलिब्रेशन घट्ट आहे. १० ते १२ मध्ये टंगस्टनच्या कडांचे अवशेष दिसले तर दचकू नका, ते आरशांच्या लेपाचे.

नूस्टारची पाइपलाइन चालवताना मात्र लक्ष द्या. स्रोत उसळतो तेव्हा काउंट सेकंदाला शंभरावर जातात आणि डीफॉल्ट चाळणी खऱ्या घटनांनाही गोंगाट समजून फेकते. तेजस्वी स्रोतांसाठीचा स्टेटस फिल्टर वेगळा असतो, तो लावायचा. पार्श्वभूमीचं वर्तुळ डिटेक्टरच्या शक्य तितक्या दूरच्या कोपऱ्यात काढा.

दोन रेषांच्या ऊर्जेला २ या गुणोत्तराने बांधू नका. मोजमापात ते नेमकं दोन येत नाही. चुंबकीय क्षेत्र काढताना गुरुत्वीय ताम्रसृतीचा घटक विसरला जातो. २५ केईव्हीला १.३ ने गुणा, ११.५७ ने भागा: २.८ × १०^१२ गॉस.

शततारका

क्रॅबशी भागाकार केला. ३२ चा खळगा जवळजवळ सपाट झाला. गॅब्सची रुंदी ३.६ होती, आता समजलं का. २३-२७ मध्ये किंचित उतार उरतो, पण पार्श्वभूमी दोन टक्के हलवली की तोही हलतो. तेव्हा लॅक्सपीसीवरून रेषेचा दावा करणार नाही, रेषेसाठी नूस्टार उतरवतोय. चार तुकड्यांत स्तंभघनता ९ × १०^२२ वरून २.६ × १०^२३ पर्यंत चढली.

एकच राहिलं. काळ २८३.४ च्या आसपास येतोय. त्यावर त्रुटी किती लिहू? ईएफसर्चच्या शिखराची रुंदी मोठी आहे.

झेनॉन_५४

शिखराची रुंदी म्हणजे त्रुटी नव्हे. काळाचा वर्ग भागिले निरीक्षणाच्या दुप्पट लांबी, हा आकडा एका दिवसासाठी ०.४६ सेकंद येतो. तो फक्त दोन काळ वेगळे ओळखण्याची मर्यादा सांगतो. शिखराचा मध्य त्यापेक्षा कितीतरी अचूक कळतो.

आगमनवेळा काढा. प्रत्येक फेरीचा सलग तुकडा दुमडा, त्यात दहाएक स्पंदनं असतील. सगळ्या दिवसाच्या सरासरी प्रोफाइलशी त्याचा क्रॉस-कोरिलेशन घ्या. तुम्हाला १३ वेळा मिळतील, ऑफ-स्टेटची फेरी सोडून. स्पंदनक्रमांकाविरुद्ध सरळ रेषा बसवा, तिचा उतार म्हणजे काळ. मोजणी चुकण्याची भीती इथे नाही. सुरुवातीचा काळ ०.१ सेकंदाने चुकला तरी एका फेरीच्या २१ स्पंदनांत २ सेकंदांचाच फरक पडतो.

वेळांची त्रुटी फोटॉनांच्या संख्येवरून काढू नका. ती हास्यास्पद लहान येईल आणि रेषेचा काय-स्क्वेअर आकाशाला भिडेल. प्रत्येक स्पंदन मागच्यापेक्षा वेगळं असतं, खरा विखुरलेपणा तिथून येतो. रेषेभोवतीचा प्रत्यक्ष विखुरलेपणाच त्रुटी म्हणून घ्या. तो ३ सेकंद असेल तर काळावरची त्रुटी ०.०१ सेकंदाच्या आसपास बसते. अवशेषांत सावकाश वाकण दिसली तर कक्षेची दुरुस्ती पुन्हा तपासा, संदर्भवेळेपासून.

आलेला आकडा फर्मीच्या गॅमा-रे बर्स्ट मॉनिटरच्या पल्सार यादीत त्याच तारखेशी ताडून घ्या. हा तारा वर्षानुवर्षं २८३ च्या आसपास सेकंदाच्या काही दशांशांत बेभरवशाने पुढे-मागे भटकत आला आहे, म्हणून जुन्या वर्षाच्या आकड्याशी तुलना कामाची नाही. त्यांचे काळ कक्षेची दुरुस्ती केलेले असतात, तेव्हा तुमचाही दुरुस्त केलेलाच शेजारी ठेवा.